एका रात्रीची तारीख: रुग्णवाहिकेच्या पायलटचा मानसिक आघात आणि नुकसानभरपाईचा दावा

या प्रकरणातली माणसं, कंत्राटदार आणि टोलनाका कल्पित आहेत. अशा दाव्यांत जे प्रश्न हमखास उभे राहतात ते एका माणसाभोवती आणून ठेवले आहेत. कलमं, निवाडे, आकडेमोडीचे गुणक आणि वैद्यकीय निकष मात्र खरे आहेत, आणि सगळा वाद त्यांच्यावरच चालतो.

अर्जदार ३५ वर्षांचा, रुग्णवाहिकेचा चालक. या धंद्यात चालकाला पायलट म्हणतात. सोलापुरातून पुणे, हैदराबाद, विजयपूर, तुळजापूर अशा चहूकडे महामार्ग फुटतात. त्यातल्या एकावरच्या टोलनाक्याजवळ उभी असणारी गाडी तो चालवायचा. १०३३ या राष्ट्रीय महामार्गांच्या हेल्पलाइनला फोन गेला की ही गाडी निघते. रस्त्याचं काम ज्या कंपनीकडं, तिनं रुग्णवाहिका, क्रेन आणि गस्तीची गाडी पुरवायचं काम एका कंत्राटदाराला दिलेलं. गाडीत पायलट आणि एक अटेंडंट, बारा-बारा तासांच्या पाळ्या, पगार महिना २२,५०० रुपये. हा आकडा लक्षात ठेवा. राज्य कामगार विमा योजनेची वेतनमर्यादा २१,००० आहे. दीड हजारानं पगार जास्त असल्यामुळं हा माणूस त्या योजनेबाहेर पडला आणि त्याच्यासाठी उरला तो १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा. (त्याच्याच नाक्यावरचा क्रेनचा हेल्पर १६,००० वर होता. त्याला असं काही झालं असतं तर त्याची सगळी वाट वेगळी झाली असती, कारण विमा योजनेत असणाऱ्याला १९२३ च्या कायद्याखाली मागताच येत नाही.)

ती रात्र

नोव्हेंबर २०२४ चा शेवटचा आठवडा. गळीत हंगाम नुकताच सुरू झालेला, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. सोलापूर जिल्ह्यात या दिवसांत रात्री गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको: एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. लग्नाहून परतणारी जीप अशा ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉली कलंडली आणि मोळ्या जीपवर आल्या.

टोलनाक्याची गाडी पहिली पोचली. १०८ च्या गाड्या यायला वेळ होता. कॉलच्या नोंदीत फोन १ वाजून ४२ मिनिटांचा आहे, गाडी पोचल्याची नोंद १ वाजून ५५ ची. पुढची पस्तीस मिनिटं पायलट आणि अटेंडंट मोळ्या उपसत होते. ऊस ताजा तुटलेला, रस गळत होता, त्यात डिझेल. जीपच्या चालकानं आरशाला घुंगरांची माळ बांधलेली होती. दार ओढलं की ती वाजायची, सोडलं की थांबायची. मोळ्यांखाली एक पोरगं जिवंत सापडलं. पायलटनं त्याला हातांवर घेतलं, अटेंडंटनं ऑक्सिजन लावला. सिव्हिलच्या दारात पोचेपर्यंत ते गेलं होतं.

गाडी धुऊन तो पहाटे नाक्यावर आला आणि आठ वाजता पाळी बदलून घरी गेला. दुसऱ्या रात्री पुन्हा कामावर हजर. हजेरीपटात त्या आठवड्यात एकही खाडा नाही, आणि पुढं कंत्राटदाराच्या विमा कंपनीच्या वकिलांनी हे पान मोठ्या आवडीनं वाचून दाखवलं.

पुढचे सहा आठवडे

बायकोच्या लक्षात पहिल्यांदा आलं ते झोपेचं नाही, रस्त्याचं. मुलीला शाळेतून आणताना तो नेहमीचा चौक सोडून गल्लीबोळातून जायला लागला. चौकात रसवंती होती. रसवंतीच्या चाकाला घुंगरं असतात. चरक फिरला की ती वाजतात, आणि रसाचा वास तर अर्ध्या रस्त्यापर्यंत येतो. एकदा नाइलाजानं तिथून जावं लागलं तर त्यानं गाडी उभी केली आणि मुलीला तिथंच सोडून पन्नास पावलं पळत गेला. ‘‘पोरीला रस्त्यात सोडून पळतंय म्हणजे काय ओ वकीलसाहेब, दारू तर पीत नाही माणूस,’’ असं वहिनी, म्हणजे त्याची बायको, नंतर जबाबात बोलल्या आणि ते जसंच्या तसं लिहून घेतलं गेलं. वैद्यकीय कागदांच्या ढिगात या एका वाक्याचं वजन फार होतं.

जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात तो कामावर असतानाच मोडला. बाळंतपणाची केस गाडीत होती. समोर उसाची ट्रॉली आली आणि त्यानं गाडी कडेला घेतली. हात स्टिअरिंगवरून सुटेनात. अटेंडंटनं दुसरी गाडी मागवली. बाई सुखरूप पोचली, पण तक्रार व्हायची ती झाली. दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराच्या सुपरवायझरनं दोन कागद पुढं केले: एक राजीनामा, दुसरा ‘माझं कंपनीकडं काही येणं बाकी नाही, कोणताही दावा करणार नाही’ असा. त्यानं दोन्हींवर सह्या केल्या.

या दुसऱ्या कागदाला लोक उगाच घाबरतात. कायद्याचं कलम १७ स्पष्ट आहे: नुकसानभरपाईचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल. अशी सही म्हणजे कोऱ्या कागदावरची शाई. राजीनाम्याचा मात्र त्रास होतो, कारण त्यामुळं ‘हा स्वतःहून गेला, काम करण्याची ताकद गेली म्हणून नव्हे’ असं म्हणायला जागा मिळते. त्या जागेला उत्तर होतं सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीच्या केसपेपरात, कारण तो राजीनाम्यानंतर चौथ्या दिवशीच तिथं गेला होता. निदान: पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार. संकेतांक एफ ४३.१.

पहिला अर्ज फसला तो खरेपणामुळं

पहिला दावा एका होतकरू कार्यकर्त्यानं लिहून दिला होता. हेतू चांगला, हातही सढळ. सहा वर्षांत या माणसानं काय काय पाहिलं याची त्यात यादी: पेटलेला टँकर, पंढरीच्या वाटेवरची दिंडीत घुसलेली गाडी, दुभाजकावर चढलेली खासगी बस. शेवटी, ‘अशा प्रकारे वर्षानुवर्षं मृत्यू पाहून अर्जदाराच्या मनावर परिणाम झाला.’ सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र, त्यातही ‘अनेक वर्षं अपघात पाहण्याचा इतिहास’.

यातला शब्द न् शब्द खरा होता. वैद्यकशास्त्रही हेच म्हणतं. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निकषांत (डीएसएम ५) अशा आघाताच्या घटनांच्या तपशिलांशी कामानिमित्त वारंवार संबंध येणं हेसुद्धा आघाताचं एक रूप मानलं आहे, आणि उदाहरण म्हणून मृतदेहांचे अवशेष गोळा करणारे मदतकर्मीच दिले आहेत. पण विमा कंपनीनं दोन पानांचं उत्तर दिलं आणि त्यात याच वाक्यावर बोट ठेवलं.

कायदा भरपाई देतो ती दोन दारांनी. एक, कामातून आणि कामाच्या ओघात झालेल्या अपघातानं शरीराला झालेली इजा. दोन, तिसऱ्या अनुसूचीत नावानिशी दिलेले व्यवसायजन्य आजार: शिसं, पारा, सिलिका, किरणोत्सर्ग वगैरे. या यादीत एकही मानसिक आजार नाही. उरलेल्या सगळ्या आजारांना कलम ३(४) लागतं: अमुक एका अपघातातल्या अमुक एका इजेतून तो आजार थेट उद्भवल्याचं दिसलं तरच पैसे, नाहीतर नाही. ‘वर्षानुवर्षं’ म्हटलं की पहिलं दार बंद, आणि दुसरं तर उघडंच नव्हतं. कंपनीच्या उत्तरातला मुद्दा एवढाच होता: अर्जदार स्वतःच सांगतो की हा एका अपघाताचा परिणाम नाही.

आपल्याकडं मदतकार्य करणाऱ्यांचे दावे मोडतात ते बहुतेक इथंच, असं माझं मत आहे. ‘मानसिक आजार कायद्यात बसत नाही’ हे ऐकून लोक परत फिरतात. खरी अडचण वेगळी आहे. कायद्याला तारीख लागते आणि हा आजार साठत साठत येतो. रुग्णाला, डॉक्टरला आणि वकिलाला तिघांनाही सगळा साठा सांगावासा वाटतो. जितकं जास्त सांगाल तितका दावा पातळ होतो.

कॅनडातल्या ओंटारियो प्रांतानं २०१६ मध्ये हा गुंता कायद्यानंच सोडवला. अग्निशमन, पोलीस, रुग्णवाहिका अशा सेवेतल्या माणसाला मानसोपचारतज्ज्ञानं किंवा मानसशास्त्रज्ञानं पीटीएसडीचं निदान केलं की तो कामामुळंच झाला असं गृहीत धरायचं. उलट सिद्ध करायचं असेल तर ते मालकाच्या बाजूनं करावं. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून अग्निशामक आणि पोलिसांसाठी जवळपास तसंच आहे, सहा महिने नोकरी झालेली असली पाहिजे एवढी अट. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत २०१० पासून पीटीएसडी नावानं आहे. ही यादी आपल्या न्यायालयावर बंधनकारक नाही. युक्तिवादाच्या शेवटी एक परिच्छेद म्हणून ती चालते. दावा तिच्यावर उभा राहत नाही.

इजा म्हणजे काय

दुसरा अर्ज नव्यानं लिहिताना पहिला प्रश्न होता: अंगावर ओरखडाही नाही, मग ‘शरीराला इजा’ कुठली?

याचं सगळ्यात चांगलं उत्तर एकशे पंधरा वर्षं जुनं आहे. आपला १९२३ चा कायदा ब्रिटिशांच्या १९०६ च्या कायद्यावरून घेतला गेला आणि मूळ वाक्यरचनाही तीच ठेवली गेली. त्या ब्रिटिश कायद्याखाली १९१० मध्ये यॉर्कशायरच्या कोळसा खाणीतल्या एका कामगाराचा दावा इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढं आला: येट्स विरुद्ध साउथ कर्कबी कोलियरीज. हा खाणकामगार हाक ऐकून धावला, जखमी सहकाऱ्याला त्यानं उचललं, तो सहकारी दगावला. येट्सला काही लागलं नव्हतं, पण त्या धक्क्यानं त्याला पुन्हा खाणीत पूर्वीसारखं काम करता येईना. न्यायालयानं म्हटलं की धक्क्यानं काम करण्याची ताकद गेली असेल तर ती पाय मोडण्याइतकीच इजा आहे.

येट्सला आपल्या न्यायालयांत फारसं कुणी वाचत नाही याचं मला नवल वाटतं. तो मदतीला धावलेल्या माणसाचाच खटला आहे! सोलापूरच्या पायलटची गोष्ट आणि त्याची गोष्ट यांत खाण आणि रस्ता एवढाच काय तो फरक.

जुना इंग्रजी निवाडा एकटा पुरत नाही, म्हणून शेजारी सर्वोच्च न्यायालयाचे हृदयविकाराचे निवाडे ठेवले. हृदयविकाराचा झटकाही बाहेरून दिसत नाही. परम पाल सिंग प्रकरणात लांबच्या फेरीवर गेलेला ट्रकचालक वाटेत अस्वस्थ वाटू लागलं म्हणून थांबला आणि गेला. कामाच्या ताणाचा आणि मृत्यूचा संबंध न्यायालयानं मान्य केला. त्याआधीच्या शकुंतला श्रेष्टी प्रकरणात उलटं झालं. तिथं वाहनावरच्या तरुण क्लीनरचा हृदयविकारानं मृत्यू झाला होता, पण कामात असा कोणता ताण होता हे पुराव्यानं समोर आलं नाही आणि दावा गेला. कामावर असणं पुरत नाही. त्या वेळी काय घडलं हे दाखवावं लागतं. विमा कंपनी दुसरा निवाडा काढणार हे ठरलेलं, म्हणून तो आपणच आधी मांडला आणि त्याच्या कसोटीला कॉलची नोंद, गाडीच्या जीपीएसची नोंद, सिव्हिलच्या एमएलसी (पोलिसांना कळवायच्या केसेसच्या) रजिस्टरचा उतारा आणि पोलिसांचा पंचनामा लावला. सरकारी कागद माहितीच्या अधिकारात मिळतात. रनशीट, म्हणजे गाडीच्या फेरीचा नोंदीचा कागद, मात्र कंत्राटदाराकडं असते आणि ती लवकर ‘सापडत नाही’ होते. इथं अटेंडंटनं त्या रात्रीच भरलेल्या रनशीटचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. त्यावर उसाच्या रसाचे डाग दिसत होते.

डॉक्टरांचा दुसरा कागद

दाव्याचा कणा म्हणजे मानसोपचारतज्ज्ञांचा दुसरा अहवाल. पहिल्या प्रमाणपत्रात खोट काढण्यासारखं काही नव्हतं, पण ते उपचारासाठी लिहिलेलं होतं. न्यायालयाच्या प्रश्नांची उत्तरं त्यात नव्हती. डॉक्टरांकडं जाऊन ‘एकाच रात्रीमुळं झालं असं लिहून द्या’ म्हणणं चुकीचं, आणि उलटतपासणीत पाच मिनिटं टिकणार नाही. त्यांना वेगळे प्रश्न विचारले गेले. याला जे पुन्हा पुन्हा दिसतं, ऐकू येतं, ते नेमकं काय? तो काय टाळतो? आधीच्या सहा वर्षांत त्याचं काम, झोप, घर नीट चालू होतं का?

उत्तरं केसपेपरातच होती, पण विखुरलेली. स्वप्नात मोळ्या येतात. टँकर येत नाही, दिंडी येत नाही. धडधड होते ती रसाच्या वासानं आणि घुंगरांच्या आवाजानं. टाळतो ती रसवंती आणि उसाची ट्रॉली. डांबर, आग, पेट्रोलपंप यांचं त्याला काही वाटत नाही. २०१८ पासून नोव्हेंबर २०२४ पर्यंत हजेरी सलग. डॉक्टरांनी अहवालात लिहिलं की आधीच्या घटनांमुळं त्याची सहन करायची ताकद कमी झालेली असू शकते, पण सध्याच्या लक्षणांचा आशय एकाच घटनेतून येतो. या एका वाक्यानं कलम ३(४) ची अट जवळजवळ पूर्ण केली. आधीचा साठा लपवावा लागला नाही. आधीपासून कमकुवत असलेल्या माणसाला अपघातानं मोडलं तरी अपघात हे कारण राहतंच, हा या कायद्यातला जुना, रुळलेला नियम आहे. फक्त तो छातीच्या दुखण्याला लावतात तसा डोक्याच्या दुखण्याला लावायला हवा.

म्हणून अशा प्रकरणात डॉक्टरांकडं जाताना लक्षणांचा तपशील सांगायला लाजू नये. ‘झोप येत नाही, मन लागत नाही’ एवढंच सांगितलं की केसपेपरात तेवढंच उतरतं. काय ऐकलं की घाम फुटतो, कुठल्या रस्त्यानं जात नाही, हे पहिल्या भेटीतच नोंदलं गेलं तर ते वकिलानं पढवलेलं वाटत नाही. इथं घुंगरांचा उल्लेख पहिल्याच केसपेपरात, कनिष्ठ डॉक्टरच्या घाईच्या अक्षरात, होता.

‘हे याचं कामच नव्हे’

कंत्राटदारानं वेगळीच बाजू लढवली. करारात याचं पद चालक. मोळ्या उपसणं, जखमींना ओढणं हे चालकाचं काम नाही; त्यानं ते माणुसकीनं केलं, त्याबद्दल आदर आहे, पण ते ‘कामाच्या ओघात’ येत नाही. कायद्याची दुसरी अनुसूची वाचली तर या म्हणण्याला थोडा आधार सापडतोही. तिथं अग्निशमन दलाची नोकरी नावानं आहे. रुग्णवाहिका सेवा तशी नाही. पायलट कायद्यात शिरतो तो यांत्रिक वाहन चालवणारा म्हणून.

पण गाडीत माणसं दोनच. स्ट्रेचरला दोन टोकं असतात, आणि अटेंडंटनं दोन्ही धरायची अशी कंत्राटदाराची अपेक्षा असेल तर तसं त्यानं शपथेवर सांगावं. सुपरवायझरनं उलटतपासणीत मान्य केलं की पायलटलाही प्रथमोपचाराचं प्रशिक्षण दिलं जातं आणि स्ट्रेचर दोघं मिळूनच उचलतात. तिथं हा बचाव संपला. रस्त्याची कंपनीही कलम १२ खाली मूळ मालक म्हणून सामनेवाली होतीच. तिच्या वकिलांनी पहिल्या तारखेला ‘आमचा काय संबंध’ म्हटलं आणि पुढं फारसं काही म्हटलं नाही.

दोन विमा पॉलिसी होत्या आणि त्यांत घोळ झाला. कंत्राटदार सुरुवातीला सगळ्यांना व्यक्तिगत अपघात विम्याची पॉलिसी दाखवत होता. तिच्यात इजा ‘बाह्य, हिंसक आणि दृश्य’ कारणानं झालेली लागते. तिथं मनाच्या आघाताला काहीच मिळत नाही. पण मालकाचं कायद्याखालचं दायित्व उचलणारी कर्मचारी नुकसानभरपाई पॉलिसी वेगळी असते, आणि ती कायदा जे देईल त्याच्या मागोमाग जाते. ती मागवून घ्यावी लागली.

किती पैसे

आयुक्त म्हणून काम पाहणाऱ्या कामगार न्यायालयापुढं मागणी होती कायमच्या अपंगत्वाची. गणित असं: हिशेबासाठी वेतनाची मर्यादा १५,००० रुपये (जानेवारी २०२० च्या अधिसूचनेनुसार), म्हणजे २२,५०० पगार असला तरी धरायचे १५,०००. त्याचे ६० टक्के ९,०००. वय ३५ चा गुणक १९७.०६. गुणाकार १७,७३,५४०. ही पूर्ण अपंगत्वाची रक्कम. कमावण्याची ताकद ४० टक्के गेली असं ठरलं तर ७,०९,४१६.

आता ते टक्के कोण ठरवणार? हात तुटला तर पहिल्या अनुसूचीत टक्के छापलेले आहेत. मनासाठी तक्ता नाही. वैद्यकीय तज्ज्ञांनी कमाईच्या ताकदीचं मूल्यमापन करायचं. अपंगत्व प्रमाणपत्रासाठी वापरतात त्या ‘आयडियाज’ मोजपट्टीत स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि समज, आणि काम या चार बाबींचे गुण आजाराच्या मुदतीच्या गुणांत मिळवतात. दोन वर्षांच्या आतल्या आजाराला मुदतीचा एकच गुण. ही मोजपट्टी मुळात स्किझोफ्रेनियासारख्या दीर्घ आजारांसाठी बनलेली, त्यामुळं ताज्या आघाताचा माणूस तिच्यावर बरा दिसतो. अंघोळ करतो, जेवतो, बोलतो. फक्त महामार्गावर गाडी चालवू शकत नाही, आणि त्याला दुसरं काही येत नाही. प्रताप नारायण सिंह देव प्रकरणात (१९७६) डावा हात गेलेल्या सुताराला सर्वोच्च न्यायालयानं शंभर टक्के धरलं, कारण एका हातानं सुतारकाम होत नाही. तोच निवाडा इथं हाताशी होता.

पण डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की उपचार चालू आहेत, सर्ट्रालिन हे औषध आणि आघातावर केंद्रित मानसोपचार यांना प्रतिसाद आहे, अपंगत्व कायमचं आहे असं आज लिहिता येणार नाही. इथं दावा तात्पुरत्या अपंगत्वावर आला. त्याचा दर पाहून वहिनींनी दोनदा विचारलं, ‘‘बस्स एवढंच?’’ दर पंधरवड्याला वेतनाच्या २५ टक्के, म्हणजे ३,७५०. जानेवारी ते नोव्हेंबर २०२५ अशा अकरा महिन्यांचे २२ पंधरवडे धरले तर ८२,५००. त्याच काळातला बुडालेला पगार २,४७,५००. बरोबर तिसरा हिस्सा. याखेरीज कलम ४(२क) खाली उपचाराचा प्रत्यक्ष खर्च, जो सिव्हिलमध्ये कमी आणि खासगी मानसोपचाराच्या सत्रांत जास्त झाला होता.

तडजोड

निकालापर्यंत गोष्ट गेली नाही. खरं सांगायचं तर जायला हवी होती, असं मला वाटतं. मनाच्या आघाताला येट्सच्या वाटेनं भरपाई देणारा सोलापूरचा एक लेखी आदेश पुढच्या दहा जणांच्या कामी आला असता. पण अर्जदाराला दहा जणांसाठी लढायचं नव्हतं, आणि त्याला तसं सांगायचा कुणाला अधिकारही नाही. विमा कंपनीला नेमका तो आदेश नको होता. कंत्राटदाराला भीती दुसरीच होती: वेळेत पैसे न दिल्याबद्दल १२ टक्के व्याज लागतं आणि वर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड लागू शकतो, आणि तो दंड विमा कंपनी भरत नाही, मालकाच्या खिशातून जातो.

तडजोडीची बोलणी चालू असतानाच २१ नोव्हेंबर २०२५ ला १९२३ च्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता २०२० लागू झाली. दोन्ही बाजूंची एक तारीख त्यात गेली. घटना जुन्या कायद्याच्या काळातली, म्हणून हक्क जुनाच, यावर एकमत झालं. संहितेनं तसंही या बाबतीत काही बदललेलं नाही: तिच्याही तिसऱ्या अनुसूचीत मानसिक आजार नाही. हरलेल्या बाजूला अपील करायचं तर आता मुंबईऐवजी कोल्हापूर, कारण १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्हा उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या फिरत्या खंडपीठाखाली (सर्किट बेंच) आहे. यामुळं अपिलाची धमकी पूर्वीइतकी महाग राहिलेली नाही, दोन्हीकडं.

ठरलं ते असं: अकरा महिन्यांची पंधरवडा रक्कम व्याजासह, उपचाराचा खर्च बिलांप्रमाणे, पुढची पंधरवडा रक्कम डॉक्टर कामाला योग्य ठरवेपर्यंत, आणि राजीनामा मागं. त्याला नियंत्रण कक्षात, फोन घेऊन गाड्या पाठवायच्या कामावर घेतलं जाईल. करार कलम २८ खाली आयुक्तांकडं नोंदवला. ही नोंदणी टाळू नये. नोंद नसलेली तडजोड पुढं पाळून घेणं अवघड जातं, आणि रक्कम अपुरी वाटली तर आयुक्त नोंद नाकारूही शकतात. कायमच्या अपंगत्वाचा मुद्दा सोडून दिला असं एकही वाक्य करारात येऊ दिलं नाही. कंपनीच्या मसुद्यात ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द तीन ठिकाणी होते, ते तिन्ही खोडले.

ज्यांना हेही लागू होत नाही

हीच रात्र महापालिकेच्या कायम अग्निशामकाच्या वाट्याला आली असती तर? त्याचं नाव दुसऱ्या अनुसूचीत आहे, शिवाय अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चं कलम २०(४) त्याच्या पाठीशी आहे: सरकारी आस्थापनेत नोकरीदरम्यान अपंगत्व आलं तर काढता येत नाही, हुद्दा खाली आणता येत नाही, जागा नसेल तर जादा पद निर्माण करून ठेवावं लागतं. रवींदर कुमार धारीवाल प्रकरणात डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या मानसिक आजार असलेल्या अधिकाऱ्याला याच कायद्याचं संरक्षण दिलं. १८ मे २०२५ ला अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जण गेले. अशा ठिकाणी आत शिरणाऱ्यांत कायम, कंत्राटी आणि आपणहून आलेले असे सगळे असतात, आणि एकच दृश्य पाहिलेल्या तिघांचे हक्क तीन तऱ्हांचे.

आपणहून आलेल्यांना तर काहीच नाही. महामार्ग पोलिसांनी मार्च २०२१ मध्ये ‘मृत्युंजय दूत’ योजना सुरू केली. ढाबेवाले, पंपावरची पोरं, रस्त्याकडेच्या गावातले तरुण त्यात आहेत. पोलीस येण्याआधी बहुतेक वेळा तेच पोचलेले असतात. ते कुणाचे कर्मचारी नाहीत, म्हणून १९२३ चा कायदाही नाही आणि २०२० ची संहिताही नाही. त्यांच्यासाठी आज हाताशी आहे ती टेलिमानसची १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत हेल्पलाइन, आणि आरोग्य विमा असलाच तर मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम २१(४), ज्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजाराच्या बरोबरीनं धरायला लावलं.

त्या रात्रीच्या गाडीतला दुसरा माणूस, अटेंडंट, साक्षीला आला होता. मोळ्या त्यानंही उपसल्या, ऑक्सिजन त्यानं लावला. फेब्रुवारीत नोकरी सोडून तो गावाकडं शेतीत गेला. साक्ष झाल्यावर बाहेर चहाला थांबला नाही. रसाचा हंगाम आहे, चौकातून जायचं नाही एवढंच म्हणाला. त्याचा एकही केसपेपर नाही. दावा करायची त्याची दोन वर्षांची मुदत नोव्हेंबर २०२६ मध्ये संपते. सबळ कारण दिलं तर आयुक्त उशीर माफ करतात, पण त्यासाठीही आधी सिव्हिलच्या ओपीडीची एक पायरी चढावी लागेल, आणि सध्या तो फोन उचलत नाही.